कटरला आधी गुण्या लावा, मग पाइप कापा



उन्हाळी कांदा निघायला अजून दीड-दोन महिने आहेत. ज्यांना यंदा चाळ उभी करायची आहे त्यांची लोखंडाची खरेदी याच दिवसांत चालते. म्हणून आजची नोंद पिकावर नाही, लोखंड कापायच्या कटरवर आहे. कृषी खात्यातली मंडळी हे पान वाचतात, त्यांनीही वाचावी, कारण शेवटी त्यांच्यासाठीही दोन शब्द आहेत.

माझं म्हणणं एवढंच की कटर काटकोनात कापतोय का हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पहिला पाइप कापू देऊ नका. फॅब्रिकेशनवाल्याला म्हणून बघा. तो हसतो आणि म्हणतो, "काय होत न्हाई काका, वेल्डिंगमध्ये भरून निघतंय की." हे वाक्य मी किती वर्षं ऐकतोय. भरून निघत नाही. झाकलं जातं.

हिशोब करा. ६० मिमीचा चौकोनी पाइप घेतला आणि कटर १ अंशानं वाकडा कापत असला, तर कापलेल्या तोंडावर फरक पडतो १ मिमीचा. नखाएवढा. डोळ्याला दिसतही नाही. पण तोच पाइप बेस प्लेटवर तोंड टेकवून उभा केला, तर १० फुटांवर वरचं टोक २ इंच बाजूला जातं. आता कोणी म्हणेल, आम्ही ओळंबा लावून उभा करतो. ओळंब्यात आणला की खाली एका बाजूनं फट राहते. ती वेल्डिंगनं भरायची. वेल्डिंग गार होताना आवळतं, हे ज्यानं एकदा तरी गेट केलंय त्याला माहीत आहे. जिथं फट मोठी तिथं माल जास्त, तिथं आवळणंही जास्त. म्हणजे ओळंब्यात लावलेला खांब संध्याकाळी परत फटीकडं ओढला गेलेला असतो. वर त्या बाजूला पाइप प्लेटवर टेकलेलाच नसतो, सगळा भार नुसत्या टाक्यावर.

आमच्या शिवारात एक २५ टनी चाळ अशीच झाली. नाव-गाव कशाला. खांब उभे राहिले, कैच्या चढल्या, आणि पत्रे टाकायला गेले तर एका टोकाला पत्रा पुढं येतोय आणि दुसऱ्या टोकाला कमी पडतोय. कारागीर पत्र्याच्या दुकानदाराला दोष देत होता. मी गेलो तेव्हा खाली पाइपचे तुकडे पडले होते. दोन उचलले, एक उलटा करून दुसऱ्याला जोडला, मधनं चांगला उजेड दिसला. पत्र्याच्या दुकानदाराचा काय संबंध? शेवटी पत्रे कापून बसवले, दाराला तिरकी पट्टी मारली. चाळ उभी आहे, पण भरताना मालक एका बाजूचा थर कमीच ठेवतो. कांदा म्हणजे उभं ठेवलेलं पोतं नव्हे, मोकळा टाकलेला कांदा बाजूच्या जाळीला सतत बाहेर ढकलत असतो. आधीच झुकलेल्या खांबाला ते ढकलणं चार-पाच महिने सोसायचं असतं. चांगलं टिकाऊ वाण लावायचं, मान वाळवून पात कापायची, निवडून भरायचा, एवढं सगळं करून खांब मात्र अंदाजानं कापायचा, याला काय म्हणावं.

सगळीकडं मिलिमीटर मोजत बसा असं मी म्हणत नाही. नान्नज, कासेगाव भागात द्राक्षाच्या मांडवाला अँगल कापतात, त्याचं खालचं टोक काँक्रीटमध्ये जातं. तिथं तिरकं कापलं काय नि सरळ काय. बागेच्या कडेच्या ताणाच्या अँगलला पण तेच. पण जिथं कापलेलं तोंड दुसऱ्या लोखंडाला भिडतं, म्हणजे बेस प्लेट, चौकट, गेट, सोलर पॅनेलचा स्टँड, बेदाणा शेडचे रॅक, तिथं काटकोन पाहिजेच.

आता बघायचं कसं. आधी गुण्या खरा आहे का ते बघा. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून पेन्सिलनं रेघ ओढा, मग गुण्या पालथा करून त्याच जागी दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या घ्या, नाहीतर दुकानात परत द्या. पडलेला, आपटलेला गुण्या बऱ्याच वर्कशॉपात भिंतीला लटकलेला असतो आणि त्याच्यावर सगळ्यांचा भरवसा असतो.

मग मशीनचा प्लग काढा. नुसतं बटन बंद करून हात घालू नका. डिस्क हातानं फिरवून बघा, हलते का, नट घट्ट आहे का, वॉशरखाली कीस साचलाय का. हात खाली दाबून ठेवा, आणि ज्या पट्टीला टेकून पाइप बसतो ती पट्टी आणि डिस्कची सपाट बाजू यांच्यात गुण्या धरा. पट्टीचे दोन बोल्ट पान्यानं ढिले करायचे, गुण्याला पट्टी चिकटली की आवळायचे. आवळताना ती हमखास सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा बघायचं. मशीनवर जे अंशाचे आकडे कोरलेले असतात ते काम जवळपास आणायला ठीक, त्यावर चाळ उभी करायची नाही. सुतारकामाचा मायटर सॉ असला तर पद्धत हीच, फक्त गुण्या ब्लेडच्या पात्याला लावा, दाताला लावू नका. दात पात्यापेक्षा बाहेर आलेले असतात, तिथं गुण्या फसवतो.

दुसरं, गुण्या उभा धरून डिस्क खालच्या बैठकीला काटकोनात आहे का बघा. मायटर सॉला तिथं फिरवायला स्क्रू असतो. लोखंडाच्या साध्या कटरला बहुतेक नसतो. तिथं डिस्क कललेली दिसली तर हाताची पिन झिजली आहे असं समजा आणि पिन-बुश बदलून घ्या.

आणि खरी परीक्षा कापूनच होते. दीड-दोन फुटाचा चौकोनी पाइप मधोमध कापा. दोन्ही तुकडे एका सरळ अँगलला टेकवून ठेवा, त्यातला एक पालथा करा आणि तोंडाला तोंड भिडवा. पालथा केल्याशिवाय जोडू नका, तसं वाकडं कापलेलंही तंतोतंत बसतं. पालथं केल्यावर जी फट दिसते ती चुकीच्या दुप्पट असते, म्हणून बारीक चूकही लपत नाही. फट आडवी, म्हणजे बाजूला असली तर पट्टी चुकली. वर-खाली असली तर डिस्क कललेली आहे किंवा पाइप सपाट बसलेला नाही. २० फुटी पाइप लोंबकळत कापतात, तेव्हा हीच वर-खालची फट येते. बाहेरच्या टोकाला मशीनच्या बैठकीएवढ्या उंचीचा स्टँड द्या.

एक गोष्ट कारागीर लोक मानत नाहीत, पण मी बघितलेली आहे. वस्तीवर व्होल्टेज कमी, त्यात ५० मीटर बारीक वायर ओढलेली. मशीन दमतं, मग माणूस अंगाचा भार टाकून हात दाबतो. कापायची डिस्क पातळ असते, दाबली की ती वाकून चालते. पट्टी कितीही गुण्यात लावा, कट तिरकाच येणार. वायर जाड घ्या, व्होल्टेज असेल तेव्हा कापा, हात हलका ठेवा.

साहेब लोकांना आता ते दोन शब्द. चाळ तपासायला येता तेव्हा लांबी, रुंदी, उंची मोजता. त्याच टेपनं दोन्ही कर्णही मोजा की. पाच मिनिटं लागतात. कर्ण सारखे नसतील तर चौकट काटकोनात नाही, हे शेतकऱ्याला तिथंच कळेल, कारागीर अजून गावात असताना. आणि ज्या गटांनी औजार बँकेत कटर ठेवलाय त्यांनी त्याला एक खरा गुण्या साखळीनं बांधून ठेवावा. मशीनच्या भाड्यात तो कुठल्या कुठं वसूल होतो.

डिस्क विकत घेताना मधल्या लोखंडी रिंगवर मुदतीची तारीख छापलेली असते ती वाचा. मुदत संपलेली किंवा ओलीत पडलेली डिस्क फुटते. चष्मा लावूनच कापा. आणि कटरच्या ठिणग्या मागच्या बाजूला लांबपर्यंत जातात. सध्या रानात मालदांडीचा कडबा काढून पडलाय, गंज्या रचायच्या चालू आहेत, तर मशीनची पाठ भिंतीकडं करा, कडब्याकडं नको.