भाड्याची गाडी ठरवताना

माझी एक भाची लग्न होऊन अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेली. परवा तिचा फोन आला. आठ दिवस सुट्टी होती म्हणून दोघांनी गाडी भाड्यानं घेतली आणि सॅन फ्रान्सिस्कोपासून समुद्राच्या काठाकाठानं थेट लॉस एंजेलिसपर्यंत गेली, येताना योसेमिटीचे डोंगर पाहून आली. मी विचारलं, "ड्रायव्हर चांगला होता ना गं?" तर ती हसायलाच लागली. "मावशी, इथं भाड्यानं नुसती गाडी मिळते. लायसन दाखवायचं, किल्ली घ्यायची, आळीपाळीनं चालवायची आणि टाकी भरून परत द्यायची." जाण्याआधी इथल्या आर.टी.ओ.तून तिनं आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता. तो एक वर्ष चालतो म्हणे.

फोन ठेवला आणि मला आमची अष्टविनायकाची फेरी आठवली. आपल्याकडे गाडीबरोबर एक माणूस येतो. गाडी ठरवताना आपण गाडीचं सारं विचारतो, एसी आहे का, सीटा कशा आहेत, कॅरिअर आहे का. त्या माणसाचं मात्र काहीच विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं.

आमचं वडगाव रासाई शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठी. रांजणगावचा महागणपती आमच्याच तालुक्यातला. सिद्धटेकही याच भीमेच्या काठी, पण खाली, दौंडच्या पुढं. त्यामुळे घरात सगळ्यांची समजूत अशी, की अष्टविनायक म्हणजे शेजारपाजारच. पण हिशेब मांडून पाहा. महड आणि पाली घाट उतरून रायगड जिल्ह्यात. लेण्याद्री आणि ओझर तिकडे जुन्नरला. सासूबाईंना रीतीप्रमाणे मोरगावपासून क्रमानं जायचं होतं, म्हणजे सिद्धटेकहून थेऊर ओलांडून आधी पाली-महड गाठायचं आणि थेऊरसाठी पुन्हा मागं यायचं. सगळं मिळून सातशे किलोमीटरच्या आसपास गेलं.

धाकटे भावजी म्हणाले, "माझ्या मित्राची गाडी आहे, स्वस्तात देईल." ह्यांनी नंबरप्लेटचा रंग विचारला. पांढरी. ह्यांनी लगेच नाही म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे खासगी गाडी. ती भाड्यानं फिरवायला परवाना नसतो, आणि मुख्य म्हणजे खासगी गाडीच्या विम्यात भाड्यानं चालवणं बसत नाही. उद्या काही बरंवाईट झालं, तर विमा कंपनी हात वर करते आणि मग ओळखही जाते नि पैसाही जातो. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी हवी, वर काळी अक्षरं. एवढं शहाणपण आम्ही दाखवलं, आणि पुढच्याच पायरीला घसरलो.

कसे, ते सांगते. पिवळ्या पाटीची सात आसनी गाडी ठरली, किलोमीटरला १४ रुपये. आता यातली मेख अशी, की बाहेरगावच्या गाडीला दिवसाला कमीत कमी किलोमीटर धरतात. कुणी २५० धरतं, कुणी ३००. आमच्या मालकानं ३०० सांगितले. म्हणजे तीन दिवस फिरलात, तर चाकं सातशे किलोमीटर फिरोत, पैसे नऊशेचे. १२,६०० रुपये. तेच दोन दिवसांत उरकलं, तर सातशेचेच ९,८०० रुपये. शिवाय ड्रायव्हरचा एका दिवसाचा भत्ता ५०० रुपये वाचतो. वहीत हा हिशेब मीच मांडला. तीन हजार तीनशे रुपये वाचले म्हणून मीच सगळ्यांना ऐटीत वाचून दाखवला. "दोन दिवसांत होतंय की!" असं एकमतानं ठरलं.

पहाटे चारला गाडी दारात. ड्रायव्हर म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, बोलायला गोड. तो आदल्या रात्री लग्नाचं वऱ्हाड पोहोचवून तसाच आला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. मोरगाव झालं, सिद्धटेक झालं, आणि रात्री आठला पालीला मुक्काम. आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. गाद्या, उशा, गरम पाण्याची बादली, सगळं मी पाहिलं. सासूबाईंना भिंतीकडची जागा, मुलांना मधे. तो मुलगा कुठं झोपला, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तो गाडीतच झोपला, काचा खाली करून, डासांत.

दुसऱ्या दिवशी बल्लाळेश्वराचं दर्शन झालं. पेशव्यांच्या काळात चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली मोठी घंटा तिथं आहे. मुलांना ती दाखवायची होती, पण "चला, चला, उशीर होतोय" म्हणत मी त्यांना अर्धवट पाहू दिली. महड, थेऊर, मग लेण्याद्री. तिथला गणपती बौद्ध लेण्यांत बसला आहे, वर जायला सुमारे तीनशे पायऱ्या. सासूबाईंचे गुडघे दुखरे, त्यांना डोलीत बसवलं. ओझर झालं. रांजणगावला पोहोचलो तेव्हा देऊळ बंद व्हायच्या बेतात होतं. आठवा गणपती झाला. रीत अशी, की शेवटी पुन्हा मोरगावला जाऊन फेरी पुरी करायची. ते राहिलंच. आता घर पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, सगळे माना टाकून झोपलेले. पुढच्या सीटवर हे सुद्धा.

दिवस उसाचे. आमच्या भागात थंडीत रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. एकाला एक जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि पुष्कळांना मागं दिवा नाही की लाल पट्टी नाही. न्हावऱ्याच्या पुढं मला सहज जाग आली. समोर अंधारात काहीतरी उंच, काळं दिसलं, आणि गाडीचा वेग काही कमी होईना. आरशात पाहिलं तर त्या मुलाचे डोळे मिटलेले. मी कशी ओरडले, काय ओरडले, आठवत नाही. त्यानं गाडी एकदम डावीकडं घेतली. उसाची टिपरं काचेवर खडखडून गेली, बाजूचा आरसा तुटला, आणि गाडी साइडपट्टीवरून खाली उतरून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. धाकटा तर उठलाही नाही.

हे त्याच्यावर ओरडणार होते. पण तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून थरथरत होता. सासूबाईंनी मागूनच विचारलं, "पोरा, झोपला कधी होतास?" दोन रात्रींत मिळून तीन तास. पुढच्या ढाब्यावर आम्ही त्याला बाजेवर तास-दीड तास झोपवलं आणि घरी एक वाजता आलो. बारा वाजून गेले म्हणून मालकानं तिसरा दिवसही लावला. म्हणजे ते वाचवलेले पैसेही गेले, वर आरशाचे वेगळे. मालकाशी मी भांडले नाही. दोन दिवसांचा बेत माझा होता.

नंतर शाळेतल्या एका सहकाऱ्यानं मला कायदा सांगितला. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात ड्रायव्हरचे कामाचे तास दिवसाला आठ होते आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंही भाड्याच्या गाडीला तेच तास लावले आहेत. आम्ही त्या मुलाला पहिल्या दिवशी सोळा तास राबवलं, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त, आणि वर "भारी आहे हो पोरगा, दमत नाही" असं त्याचं कौतुक केलं.

यंदा पुन्हा गेलो. मोरगाव राहिलं म्हणून सासूबाईंच्या जिवाला स्वस्थता नव्हती. या वेळी तीन दिवस. मालकाशी फोनवर बोलताना मी समोर वही घेऊन बसले. तुम्हीही बसा, आणि विचारताना भिडू नका. किलोमीटर कुठून मोजणार, आपल्या दारापासून की त्यांच्या गॅरेजपासून? बहुतेक जण गॅरेजपासून मोजतात. म्हणून गाडी जवळच्या गावची घ्यावी. पुण्याची गाडी दीड रुपया स्वस्त दिसते आणि येण्याजाण्याचे पैसे खाऊन बसते. दिवस कसा धरणार, चोवीस तासांचा की रात्री बारा वाजता संपणारा? टोल कुणाचा? आता टोल गाडीच्या फास्टॅगमधून परस्पर कापला जातो, त्यामुळे शेवटी आकडा ऐकून डोळे पांढरे होतात. पार्किंग, रात्रीचा आकार, घाटातसुद्धा एसी चालणार का, सगळं आधी. मग ठरलं ते मालकालाच मोबाइलवर लिहून पाठवायला सांगा. तोंडी बोलणं बिलाच्या वेळी आठवत नाही, त्यांनाही आणि आपल्यालाही. निघताना मीटरचा फोटो घ्या आणि स्टेपनीत हवा आहे का ते ह्यांना, म्हणजे तुमच्या ह्यांना, बघायला लावा.

आणि हो, दोन प्रश्न मी नवे घातले. आदल्या रात्री ड्रायव्हर कुठल्या भाड्यावर आहे? आणि मुक्कामाला त्याच्या झोपण्याचं कोण पाहणार? पहिल्यावर मालक जरा चपापले. "ताई, असं कुणी विचारत नाही," म्हणाले. पण आदला दिवस त्याला मोकळा ठेवला. दुसऱ्याचं उत्तर मीच दिलं, आम्ही पाहू. एका कॉटचे तीन-चारशे रुपये जातात.

क्रमही बदलला. पहिल्या दिवशी मोरगाव, सिद्धटेक, वाटेवरचं थेऊर आणि मुक्काम तळेगावला वन्संकडे. दुसऱ्या दिवशी महड, पाली, आणि रात्री ओझर. तिसऱ्या दिवशी लेण्याद्री, ओझर, रांजणगाव, आणि सुपेमार्गे दिवसाउजेडी मोरगाव. क्रम मोडतोय म्हणून मी भीत भीत सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, देव काय तुझ्या शाळेसारखी हजेरी घेतो का?"

गाडीत किती जण बसायचे, ते आर.सी. बुकावर लिहिलेलं असतं. "पोरं मांडीवर बसतील" हे आपलं नेहमीचं पालुपद. ते सोडा. मागच्या सीटवरही पट्टा लावायचा असतो, आणि मांडीवरच्या मुलाला पट्टा नसतो. आम्ही यंदा एक जण कमी नेला, भावजी मागाहून एस.टी.नं ओझरला आले. एस.टी.वरून आठवलं. नुसत्या बायकाच निघाल्या असाल, तर मार्च २०२३ पासून आपल्याला एस.टी.त अर्धं तिकीट आहे. दोन-तीन गणपती एका वेळी असे केलेत, तर गाडीची कटकटच नको.

माझ्या भाचीसारखी स्वतः चालवायची हौस असेल, तर तशा गाड्या आता पुण्यातही मिळतात. त्यांची पाटी काळी असते, वर पिवळी अक्षरं. घेताना गाडीच्या चारी बाजूंचे, आतले, टाकीच्या काट्याचे फोटो काढून ठेवा. जुना ओरखडा तुमच्या नावावर पडायला वेळ लागत नाही. अनामत किती आणि कधी परत, किलोमीटरला मर्यादा आहे का, अपघात झाला तर विमा सोडून आपल्या खिशाला किती, हे वाचून मगच सही करा. आणि चालवणारे दोघं असतील तरच लांब जा, दोघांचीही नावं कागदावर घालून. गाडी चालवणारा तुमचा नवरा असला, तरी झोप त्यालाही लागतेच की.

खाण्याचं तुम्हाला काय सांगायचं! दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी तीन दिवस टिकते. घाटात ज्याला मळमळतं, त्याला पुढं बसवा, पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि तोंडात आवळासुपारी द्या. धपाटे मोजून केलेत, तर त्यात एका माणसाचे जास्त धरा. आमचे यंदाचे ड्रायव्हर पन्नाशीचे, मुलं त्यांना काका म्हणायची. मोरगावला ते आमच्याबरोबर दर्शनाला आले. संध्याकाळचे सहा वाजले होते, उजेड होता. सासूबाईंनी त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाल्या, "आता घरी जाऊन झोपा हं, दुसरं भाडं घेऊ नका."