समजून घ्या : सेडान कुठे गेली? गाडी बदलली की रस्ता?

सोलापूर : विजापूर रोडवर संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहा आणि समोरून जाणाऱ्या नव्या गाड्या बघा. पंच, ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, क्रेटा... सगळ्या उंच, नाक वर करून चालणाऱ्या. मागे डिकी बाहेर आलेली गाडी दिसलीच, तर ती बहुतेक वेळा पिवळ्या नंबरप्लेटची डिझायर किंवा ऑरा असते. नाहीतर कुणीतरी दहा-बारा वर्षे जपलेली होंडा सिटी.

एकेकाळी याच शहरात ‘गाडी घेतली’ म्हणजे डिकीवाली गाडी घेतली, असाच अर्थ होता. कारखानदाराच्या दारात अ‍ॅम्बेसेडर, डॉक्टरांच्या दारात फियाट. पुढे एस्टीम, अ‍ॅक्सेंट, सिटी. हॅचबॅक ही पहिली गाडी आणि सेडान ही ‘आता बरे चालले आहे’ असे शेजाऱ्यांना न बोलता सांगणारी दुसरी. ती पायरी आता राहिलेली नाही.

‘लोकांना उंच गाडी आवडते’ हे त्याचे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. लोकांना उंच गाडी का लागते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोरूममध्ये कमी, आपल्या कॉलनीच्या तोंडाशी जास्त सापडते.

आकडे काय सांगतात?

वाहन उत्पादकांची संघटना ‘सियाम’च्या आकडेवारीनुसार २०२४-२५ या वर्षात देशात ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली. त्यातली जवळपास २८ लाख ‘युटिलिटी’ गटातली, म्हणजे एसयूव्ही आणि एर्टिगासारख्या मोठ्या गाड्या. हॅचबॅक आणि सेडान मिळून साडेतेरा लाख. यात एकट्या सेडानचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली आला आहे.

गेल्या काही वर्षांत बाजारातून गेलेली नावे आठवून बघा. सिव्हिक, कोरोला, यारिस, सनी, रॅपिड, व्हेंटो, एलान्ट्रा, ऑक्टाव्हिया. २०२५ मध्ये मारुतीची सियाझही गेली. डिझायर मात्र आजही खपाच्या यादीत वरच्या रांगेत असते, हे सांगायलाच हवे. २०१८ मध्ये तर ती देशातली सर्वाधिक खपाची गाडी होती. पण तिचे यश हे टॅक्सी, सीएनजी आणि अ‍ॅव्हरेज यांचे यश आहे. त्याच यशाने तिचे एक नुकसानही केले. घरची गाडी म्हणून घेणाऱ्याला ‘ही तर टॅक्सी वाटते’ असे ऐकावे लागते.

हे फक्त आपल्याकडेच घडते आहे असेही नाही. फोर्डने २०१८ मध्येच अमेरिकेत सेडान बंद करायचे जाहीर केले होते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते २०२३ मध्ये जगात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या एसयूव्ही होत्या. पण तिथली कारणे वेगळी. आपल्याकडे एक कारण खास आपले आहे.

दहा सेंटीमीटरचे गणित

ते कारण म्हणजे गतिरोधक. सेडानवाल्याला विचारा, तो पहिल्यांदा हेच सांगेल : ‘पाच माणसे बसली की खाली घासते.’ एखाद्या वेळी चेंबर फुटतो, सायलेन्सर वाकतो. दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा माणूस उंच गाडीच्या शोरूममध्ये दिसतो.

आता जरा गणित करू. इंजिनीअरिंगला शिकलेले बाकी बरेच विसरलो, पण हे अजून येते.

इंडियन रोड्स काँग्रेस ही देशातल्या रस्त्यांचे मापदंड ठरवणारी संस्था. तिच्या ‘आयआरसी ९९’ या मार्गदर्शिकेत गोलाकार गतिरोधकाचे माप दिले आहे : रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटीमीटर. म्हणजे साधारण बारा फुटांवर पसरलेला, हळूच चढणारा आणि हळूच उतरणारा उंचवटा.

मध्यम सेडानच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये सुमारे २.६ मीटर अंतर असते. गतिरोधक ३.७ मीटर रुंद असेल, तर गाडीचा मध्य त्याच्या माथ्यावर येतो तेव्हा चारही चाके उंचवट्यावरच असतात. हिशेब केला तर त्या क्षणी पोटाखाली लागते फक्त पाच सेंटीमीटर जागा. सेडानचा ग्राउंड क्लिअरन्स साडेसोळा सेंटीमीटरच्या आसपास असतो. माणसे आणि सामान भरल्यावर शॉकअप दबून तो चार-पाच सेंटीमीटरने कमी झाला, तरी गाडी घासायचे कारणच नाही.

आता आपल्या ओळखीचा गतिरोधक घ्या. दीड-दोन हात रुंद, पंधरा सेंटीमीटर उंच, डांबराचा ढीग ओतून फावड्याने थापलेला. यावर पुढची चाके उतरून सपाट रस्त्यावर आलेली असतात, मागची अजून चढलेली नसतात आणि मध्ये गाडीचे पोट. इथे पाच नाही, पूर्ण पंधरा सेंटीमीटर जागा लागते. भरलेल्या सेडानकडे ती नसते. क्रेटाचा क्लिअरन्स १९ सेंटीमीटर आहे, म्हणून ती कशीबशी निघून जाते.

फरक अडीच सेंटीमीटरचा. दोन बोटे. या दोन बोटांसाठी घरटी लाख-दोन लाख जास्त मोजले जात आहेत, आणि तेही जे काम गतिरोधक मापात बांधून फुकटात झाले असते त्यासाठी.

चार मीटरची कात्री

दुसरे कारण दिल्लीतले. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने छोट्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले. छोटी म्हणजे कोणती? लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोल असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत. सवलत हॅचबॅकसाठी होती. पण कंपन्यांनी फुटपट्टी काढली. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची डिकी आखूड करून ‘सीएस’ आणली. मारुतीने २०१२ मध्ये डिझायरची डिकी कापून तिला ३,९९५ मिलिमीटरवर बसवले. त्या वेळी ही गाडी बघून ‘मागून धडक बसली काय’ असे विचारणारेही होते.

सेडानला लांबी लागते, तिची शोभाच लांबीत आहे. चार मीटरच्या खोक्यात उभी, चौकोनी गाडी छान बसते. तीन भागांची गाडी अवघडून बसते. म्हणजे कराच्या नियमानेच ठरवून टाकले की या देशात कुठला आकार स्वस्त पडेल.

जीएसटीत तीच रेघ पुढे आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर कमी झाले, तशी ती आणखी ठळक झाली. आधी चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीवर उपकरासह २९ टक्के आणि सिटी, व्हर्ना यांसारख्या लांब सेडानवर ४५ टक्के कर होता. फरक १६ टक्क्यांचा. आता छोट्या गाडीवर १८ आणि मोठ्या गाडीवर सरसकट ४० टक्के. दोन्ही स्वस्त झाल्या, हे खरे. पण फरक १६ वरून २२ टक्क्यांवर गेला. दहा-बारा लाख घेऊन शोरूममध्ये शिरणाऱ्याला छोटी एसयूव्ही जवळची आणि पूर्ण लांबीची सेडान लांबची वाटली, तर दोष त्याचा नाही.

आजीचे गुडघे

एक कारण मात्र पूर्णपणे मान्य करावे लागेल. सेडानमध्ये खाली वाकून बसावे लागते आणि उतरताना हाताने जोर लावून उठावे लागते. उंच गाडीत माणूस खुर्चीत बसावा तसा सरकून बसतो. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर अशा फेऱ्या घरातल्या वयस्कर माणसांना घेऊनच होतात. ज्याच्या आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, त्याला हवेच्या रोधाचे शास्त्र सांगू नये.

गंमत अशी की, जुन्या सेडान अशा नव्हत्या. अ‍ॅम्बेसेडरची उंची होती सुमारे १.६ मीटर, आजच्या नेक्सॉन-व्हेन्यूच्या जवळपास. आणि फियाट, म्हणजे नंतरची प्रीमियर पद्मिनी? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,०८९ सीसीचे. आज कुणी ती बनवली असती तर १८ टक्क्यांच्या गटात बसली असती! ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. जन्म इथलाच, १८८२ चा. कंपनी त्यांनी १९४४ मध्ये उभी केली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. पद्मिनीची नोंदणीकृत शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. पुढे सेडान हवेला कापणारी, बुटकी आणि देखणी होत गेली. ती वेगवान झाली आणि आजीला अवघड झाली.

मग आपण काय गमावतो?

दोन सख्ख्या भावंडांची तुलना करू. फोक्सवॅगनची व्हर्टस आणि टायगुन. दोन्ही चाकणला बनतात, एकाच सांगाड्यावर, त्याच एक आणि दीड लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनांसह. चाकांमधले अंतरही सारखेच, २,६५१ मिलिमीटर. व्हर्टस सेडान, टायगुन एसयूव्ही. डिकी व्हर्टसची ५२१ लिटर, टायगुनची ३८५. ग्राउंड क्लिअरन्स व्हर्टसचा १७९ मिलिमीटर, टायगुनचा १८८. फरक नऊ मिलिमीटर! एका करंगळीच्या जाडीसाठी एक मोठी बॅग घरी ठेवावी लागते. ‘एसयूव्ही’ या शब्दावर न जाता कागदावरचे आकडे बघावेत, ते यासाठी.

इंधनाचेही तसेच. ह्युंदाईचे तेच दीड लिटरचे पेट्रोल इंजिन मॅन्युअल गिअरसह व्हर्नात कंपनीच्या दाव्यानुसार लिटरला १८.६ किलोमीटर देते, क्रेटात १७.४. पुण्याला जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर धरले तर दोन लिटरच्या आतबाहेर फरक. खिशाला खूप मोठे भोक पडते असे नाही. पण गाडी जितकी उंच आणि रुंद, तितकी हवा जास्त ढकलावी लागते, आणि वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. त्यामुळे महामार्गावर हा फरक जास्त जाणवतो. वळणावर आणि अचानक लेन बदलताना बुटकी गाडी जास्त स्थिर राहते, ते वेगळेच.

आणि महामार्ग तर सोलापूरच्या चारही बाजूंना आहेत. पुणे, हैदराबाद, विजापूर, तुळजापूर, अक्कलकोट. कुठेही निघा, चौपदरी रस्ता आहे. हे सेडानचे राज्य. पण घरातून त्या महामार्गापर्यंतच्या तीन-चार किलोमीटरसाठी आपण गाडी निवडतो.

‘एसयूव्ही सुरक्षित असते’ हा युक्तिवादही तपासून घ्यावा. २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी मारुतीची पहिली गाडी कोणती? नवी डिझायर. सुरक्षितता सांगाड्यात, एअरबॅगमध्ये आणि सीटबेल्टमध्ये असते, छताच्या उंचीत नाही.

ज्यांच्याकडे उंच गाडी नाही, त्यांचे काय?

गाडी कुणी कुठली घ्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. अडचण वेगळी आहे. ज्या रस्त्याने सेडानचे पोट घासते, त्याच रस्त्याने दुचाकीवर मागे बसलेली बाई उडते, रिक्षातल्या गरोदर मुलीला धक्के बसतात आणि रुग्णवाहिकेतला माणूस कण्हतो. सोलापूर हे दुचाकी आणि रिक्षांचे शहर आहे. वाईट गतिरोधकाविरुद्ध अर्ज करण्याइतका वेळ, ओळख आणि आवाज असलेला वर्ग होता तो कारवाल्यांचा. त्याने उंच गाडी घेतली आणि त्याच्यापुरता प्रश्न सुटला. तक्रार करणारा एक माणूस कमी झाला, ढिगारा जागेवरच राहिला.

म्हणून गतिरोधक ‘हवा की नको’ हा वादच चुकीचा आहे. शाळेसमोर तो हवाच. मागणी करायची ती मापाची : ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच, आधी सूचनाफलक आणि वर दिसतील असे पट्टे. नगरसेवकाकडे गतिरोधकाची मागणी घेऊन जाणाऱ्या सोसायटीने अर्जात हे दोन आकडे लिहावेत. काम झाल्यावर कुणीतरी टेप घेऊन मोजावे. ठेकेदाराचे बिल निघण्याआधी मोजले तर अधिक बरे.

आणि गाडी घ्यायच्या विचारात असाल तर एक करा. टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरातली पाचही माणसे बसवा, डिकीत दोन बॅगा टाका आणि सेल्समन म्हणेल त्या रस्त्यावर नव्हे, स्वतःच्या गल्लीतल्या सर्वांत वाईट गतिरोधकावरून गाडी न्या. सेडान घासली नाही, तर जुन्या बाजारात चांगल्या राखलेल्या सिटी, व्हर्ना आणि सियाझ उभ्या आहेत. मागणी कमी असल्यामुळे तिथे घासाघीस करायला वाव आहे. घासली, तर खाली उतरून त्या ढिगाऱ्याचा एक फोटो काढा, टेपचा आकडा दिसेल असा.