दोन रेघांची किंमत कोणी मोजायची?

"आपल्या पोरांना शिस्तच नाही." कोरोनाच्या पहिल्या दोन वर्षांत हे वाक्य आपण किती वेळा ऐकले असेल, त्याची मोजदाद नाही. पुढे त्याला विलायती पुरावाही जोडला गेला. इंग्लंडमध्ये म्हणे अकरा वर्षांपुढची पोरं आठवड्यातून दोनदा घरच्या घरी नाकात काडी फिरवून चाचणी करत, निकाल सरकारला कळवत आणि मगच दप्तर उचलत. आणि आपली? मास्क हनुवटीवर! हे सांगणारे बहुतेक वेळा तेच असतात, ज्यांना आपल्या पोरांची 'गुणवत्ता'ही कायम कमीच दिसते. तेव्हा हा पुरावा तपासून पाहणे भाग आहे.

इंग्लंडमध्ये ८ मार्च २०२१ ला शाळा पुन्हा उघडल्या. माध्यमिक शाळेतल्या मुलांच्या पहिल्या तीन चाचण्या शाळेत झाल्या. मग मुलांच्या हातात किटचे डबे देऊन घरी पाठवले गेले. आठवड्यातून दोनदा चाचणी करायची, अर्धा तास थांबायचे, एक रेघ आली तर शाळेत जायचे, दोन आल्या तर घरी बसायचे. किट फुकट होते. सक्ती नव्हती. सगळी योजना चौदा-पंधरा वर्षांच्या पोरापोरींच्या मर्जीवर उभी होती आणि २१ फेब्रुवारी २०२२ ला बहुतेक शाळांमधून ती गुंडाळण्यात आली. १ एप्रिल २०२२ पासून सर्वसाधारण लोकांना फुकट किट मिळणेही तिथे बंद झाले.

आता या 'शिस्ती'चा हिशेब पाहू. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जून २०२१ मध्ये अहवाल दिला. मे अखेरपर्यंत इंग्लंडमध्ये अशी ६९ कोटी १० लाख किट वाटली गेली, त्यांपैकी निकालाची नोंद झाली फक्त ९ कोटी ६० लाखांची. म्हणजे १४ टक्के. हा आकडा फक्त शाळांचा नाही, सगळ्या जनतेचा आहे. उरलेली सगळी किट कपाटात पडून राहिली असेही नाही. पुष्कळांनी चाचणी केली असेल आणि एकच रेघ पाहून कळवायचा कंटाळा केला असेल. पण आठवड्यातून दोनदा, न चुकता, महिनोन्महिने हे करणारा आदर्श गोरा विद्यार्थी हे आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठातले पात्र आहे. तिथली पोरंही पोरंच आहेत. २०२१ च्या उन्हाळ्यात काही पठ्ठ्यांनी शोध लावला की किटवर संत्र्याचा रस किंवा कोला टाकला की आंबटपणाने पट्टी बिघडते आणि खोटी दुसरी रेघ उमटते. शाळेला दांडी मारायला विज्ञानाचा असा उपयोग! (आपल्याकडे असे झाले असते तर त्यावर 'संस्कारां'चे किती लेख आले असते, याची कल्पना करा.)

पण दांडीबहाद्दर हा या गोष्टीचा छोटा भाग आहे. खरी गोष्ट लिव्हरपूलला दिसली होती. त्या शहरात नोव्हेंबर २०२०मध्ये लक्षणे नसलेल्यांसाठीही फुकट चाचण्यांची मोहीम झाली. तिच्या अभ्यासातून पुढे आले की गरीब वस्त्यांमध्ये चाचणीला येणारे कमी आणि संसर्ग मात्र जास्त. लोक का आले नाहीत? एक मोठे कारण होते धास्ती. पॉझिटिव्ह निघालो तर घरी बसावे लागेल आणि कमाई बुडेल, ही धास्ती. हा अभ्यास मुलांचा नव्हे, शहराचा आहे. पण शाळकरी पोराच्या घरात नेमके तेच गणित असते. २०२१ च्या ऑगस्टच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधला नियम असा होता की घरातल्या एकाचा निकाल पॉझिटिव्ह आला की सगळ्या घराने दहा दिवस घरात बसायचे. आई दवाखान्यात साफसफाई करते, बाप गोदामात माल चढवतो. कायद्याने मिळणारा आजारपणाचा भत्ता तेव्हा आठवड्याला ९६.३५ पौंड होता, म्हणजे किमान वेतनावर चाळीस तास राबणाऱ्याच्या कमाईचा जेमतेम चौथा हिस्सा. ज्यांची कमाई आठवड्याला १२० पौंडांहून कमी, त्यांना तोही नव्हता. कमी उत्पन्नवाल्यांसाठी ५०० पौंडांची मदत होती, पण तिचे अर्ज मोठ्या संख्येने फेटाळले गेले.

अशा घरातली पंधरा वर्षांची मुलगी रविवारी रात्री काडी हातात घेते तेव्हा ती स्वतःच्या नाकाची चाचणी करत नसते. आईचा पगार राहील की जाईल, याची चाचणी करत असते. तिने डबा उघडलाच नाही तर तिला आळशी म्हणायचे? आम्ही म्हणतो, तिला हिशेब कळतो. घरून लॅपटॉपवर काम करणाऱ्या बापाच्या पोराला दुसरी रेघ म्हणजे दहा दिवसांची सुट्टी. या पोरीला दुसरी रेघ म्हणजे थकलेले भाडे. रेघ तीच आहे, किट तेच आहे, दंड मात्र वर्ग बघून होतो. आणि मग ज्याला दंडच नाही, तो शिस्तीवर व्याख्यान देतो.

मित्रांनो, हे आपल्याला इंग्लंडवरून शिकायची गरज नव्हती. १० मार्च २०२२ ला सावित्रीमाईंना जाऊन १२५ वर्षे झाली. १८९७ चा पुण्यातला प्लेग आठवा. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला आणि रँडच्या अमलात गोरे सोजीर घराघरांत घुसून रोगी शोधू लागले. लोकांनी काय केले? रोगी लपवले. कारण रोगी सापडणे म्हणजे घर उपसले जाणे, सामान जाळले जाणे, माणूस छावणीत जाणे. त्याच साथीत सावित्रीमाई आणि डॉक्टर यशवंत पुण्याबाहेर हडपसरजवळ दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या आजारी पोराला माईंनी पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. पोरगा वाचला, माई गेल्या. शोधपथकाला पाहून वस्ती दार लावत होती. सापडल्यावर पुढे काय होणार, यावर ते दार अवलंबून होते. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारने तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू केला. पाठीवर घेण्याची व्यवस्था मात्र लागू केली नाही.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या 'कोविसेल्फ' या घरगुती किटला आयसीएमआरने मे २०२१मध्ये मान्यता दिली. किंमत तेव्हा २५० रुपये होती. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २४८ रुपये. म्हणजे दिवसभर माती उपसून एक किट येत नव्हते, दोन रुपये कमीच पडत होते. विलायतेसारखी आठवड्यातून दोनदा चाचणी करायची तर एका पोरामागे आठवड्याचे ५०० रुपये, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. घरात दोन शिकणारी असतील तर चार दिवसांची. शिस्तीचे हे दर घेऊन कोणीतरी एकदा नाक्यावर मजुरांसमोर उभे राहून दाखवावे.

शिवाय आयसीएमआरचीच सूचना होती की हे किट लक्षणे असलेल्यांसाठी आणि पॉझिटिव्ह व्यक्तीच्या थेट संपर्कात आलेल्यांसाठी आहे, सरसकट चाचण्या करू नयेत. तेव्हा 'आपली पोरं रोज चाचणी करत नाहीत' ही तक्रार मुळातच पोकळ होती. प्रश्न होता तो लक्षणे असताना चाचणी करण्याचा. आणि तिथेही आपण काय केले? जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत किट विकत घेणाऱ्यांची नोंद केमिस्टने ठेवायची, असे ठरले. हेतू चांगला असेल. पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घराला नोंद म्हणजे काय वाटते? वेगळी खोली नाही, वेगळा संडास नाही. शेजारी कुजबुज सुरू होते, घरमालक तोंड फिरवतो, आई जिथे धुणीभांडी करते तिथली बाई म्हणते, "आता महिनाभर येऊ नकोस." आपल्या माणसांना 'लांब राहा' हे शब्द साथ येण्याच्या फार आधीपासून माहीत आहेत.

थोडे आपल्याच कार्यकर्त्यांशीही बोलायचे आहे. आपल्यातलेही काही जण वस्तीत जाऊन पोरांना दम देत होते, "चाचणी करा, नाहीतर शाळेत येऊ नका." हे पुन्हा नको. किशोरवयातल्या पोराला चाचणीची सवय लागते ती दमदाटीने लागत नाही. किट त्याच्याच हातात द्या, काडी कशी फिरवायची आणि किती वेळ थांबायचे ते एकदा दाखवा आणि बाजूला व्हा. आईबाप डोक्यावर उभे राहिले की ते पोर दुसऱ्या दिवशी खोटे सांगते. संपर्कातल्या मुलांना घरी बसवण्याऐवजी रोज चाचणी करून शाळेत येऊ दिले तर काय होते, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या २०१ शाळांमध्ये तपासले. संसर्ग आवाक्यात ठेवण्यात ही पद्धत घरी बसवण्याहून वाईट ठरली नाही. याचा अर्थ लक्षात घ्या. चाचणी शाळेचे दार बंद करणारी असेल तर पोर ती टाळेल. दार उघडणारी असेल तर स्वतःहून मागेल. आपल्या पोरांची शाळा मार्च २०२० पासून बंद-चालू होत राहिली. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद झाली आणि २४ तारखेपासून टप्प्याटप्प्याने उघडली. कित्येक पोरी या काळात शाळेतून कायमच्या गेल्या. त्यांना आणखी एक कुलूप नको आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी त्यांच्याच खात्यात झाली आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्यातून आला. आजारी पडलेल्या कामगाराला दवा मिळावी आणि बुडालेल्या मजुरीचा मोठा हिस्साही मिळावा, हे त्यात होते. आजार आणि मजुरी यांचा संबंध ज्याला कळला, त्याने कामगाराला शिस्तीचे धडे दिले नाहीत, कायद्याची वाट तयार केली. आपली घरकामगार बाई, नाक्यावरचा मजूर, कचरा वेचणारी माणसे मात्र या कायद्याच्या बाहेरच राहिली. कंत्राटी सफाई कामगारापर्यंत तो कागदावर पोचला, हातात क्वचित.

तर १० मार्चला ठिकठिकाणी माईंच्या प्रतिमेला हार घातले जातील. हार घालून झाल्यावर तिथूनच समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे आणि महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे निवेदन घेऊन जा. त्यात लिहा: वसतिगृहांमध्ये आणि सरकारी शाळांमध्ये लक्षणे असलेल्या प्रत्येक मुलाला किट फुकट मिळावे. पॉझिटिव्ह निघालेल्या मुलाला राहायला वेगळी खोली आणि दोन वेळचे जेवण मिळावे, ती सोय घरात नसेल तर समाजमंदिरात किंवा वसतिगृहात व्हावी. त्याच्या आईबापाची बुडालेली मजुरी भरून मिळावी. हजेरी कापू नये, आणि मुलाचे नाव वर्गात किंवा वस्तीत जाहीर करू नये. हे सगळे मान्य झाल्यावर एखादे पोर चाचणी टाळताना दिसले तर आम्हाला बोलवा, आम्ही स्वतः येऊन त्याच्याशी बोलू.

निवेदनाच्या दोन प्रती न्या, आणि एकीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.

जय भीम!