गायरान कोणी गिळले?

गुढ्या उतरल्या, कडुनिंबाचा पाला चावून झाला, आणि आमच्या शेतकऱ्याच्या दावणीला वर्षातला खरा कसोटीचा काळ लागला. शहाण्यांच्या पुस्तकात वसंत म्हणजे आंब्याचा मोहर आणि कोकिळेचे गाणे. आमच्या घरचा वसंत निराळा. फाल्गुनात जोंधळा निघाला आणि कडब्याची गंज रचली, तेव्हा ती घराएवढी दिसत होती. चैत्र सरता सरता ती कमरेएवढी होते आणि घरची बाई रोज संध्याकाळी पेंढ्या मोजू लागते. मृग अजून दीड महिना दूर, आणि मृग निघाला तरी गवत काही त्याच दिवशी हाताला येत नाही.

या दिवसांत गोठ्याचा भार कोणाच्या डोकीवर असतो, हे आमच्या पुरुष वाचकांनी एकदा छातीवर हात ठेवून सांगावे. ती माउली पहिल्या कोंबड्याला उठते. शेण काढते, गोठा झाडते, धार काढते, दूध डेअरीवर पोचविते, मग भाकरी थापते, आणि ऊन चढायच्या आत विळा-दोर घेऊन बांधाबांधाने हिंडते. दुपारी म्हैस धापा टाकू लागते. तिचे कातडे काळे, तिला घाम थोडा, डुंबायला डोह नाही. म्हणून लांबून आणलेले हंडाभर पाणी तिच्या पाठीवर ओतावे लागते. तरीही उन्हाने दूध आटायचे ते आटतेच. दूध आटले म्हणून डेअरीचा हिशेब आटतो. पेंडवाल्याची उधारी मात्र वाढते.

आता साधा हिशेब मांडू. एका मोठ्या जनावरास रोज आठ-दहा किलो कोरडी वैरण लागते. फाल्गुन ते ज्येष्ठ असे चार महिने धरले तर एका तोंडास सुमारे एक टन! ज्याचे दोन-तीन एकर कोरडवाहू रान आहे, त्याने एक म्हैस आणि एक बैलजोडी सांभाळायची तर तीन टन वैरण कोठून आणावी? जोंधळ्याचा पेरा आटला. त्याच्या जागी ऊस आणि सोयाबीन आले. उसाचे वाढे तोड चालू असेपर्यंत मिळते, आणि नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवले तर त्याच्या अंगातला चुना कमी होतो, म्हणून चुन्याची निवळी पाजावी लागते. तोड बंद झाली की वाढेही संपले. मग विकत घ्या, नाहीतर जनावर बाजारात न्या. वैशाखाच्या बाजारात गरजवंताच्या जनावराला किंमत किती येते, हे ज्याने दावे सोडून दिले त्यालाच विचारावे. म्हाताऱ्या बैलास तर २०१५ च्या कायद्यानंतर गिऱ्हाईकही उरले नाही.

अशा वेळी गरिबाच्या जनावराला आधार कशाचा होता? गायरानाचा! गावची गुरे सकाळी गुराख्याच्या स्वाधीन व्हावी आणि संध्याकाळी घरी यावी. ज्याला गुंठाभर जमीन नाही त्याच्या शेळीलाही तेथे मज्जाव नव्हता. उन्हाळ्यात तेथे वाळके गवत असे, बाभळीच्या शेंगा असत, सावली असे. जुन्या काळी सर्वच सोन्याचे होते असे आम्ही म्हणत नाही. पण गरिबाच्या घरी दूध होते, त्याचे एक कारण ही सामाईक जमीन होय.

ही जमीन हिसकावण्याचा उद्योग नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हाच सरकारच्या जंगलखात्याने डोंगर, पडीत जमिनी आणि गायराने घशात घातली, म्हणून गरिबास शेळी बांधण्यापुरतीही जागा उरली नाही, ही तक्रार त्यांनी केली होती. तेव्हा गिळणारा गोरा साहेब होता. आज गिळणारा कोण? आम्ही स्पष्टच लिहितो, कोणास राग आला तर येवो. आज गिळणारा आमच्यातलाच आहे. आमच्याच पंगतीला बसतो, आमच्याच लग्नात फेटा बांधून मिरवतो, आणि आमच्याच गायरानात त्याचा ऊस डुलतो, त्याची वीटभट्टी धुमसते, त्याच्या मुरमाच्या गाड्या रात्री भरतात. पाहुणा म्हणून, भाऊबंद म्हणून आम्ही गप्प बसतो. चोर घरचा असला म्हणजे चोरी पुण्याची ठरते काय?

कायदा काय सांगतो तेही ऐका. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्व राज्यांस बजावले, की गावच्या सामाईक जमिनीवरील बेकायदा कबजे काढून त्या गावास परत करा. कबजा फार वर्षांचा आहे, बांधकामास पैसा फार लागला, किंवा कबजेदाराची वर ओळख आहे, ही सबब चालणार नाही. याहून स्पष्ट बोलणे ते कोणते? पण कायदा पुस्तकात राहतो आणि दांडगा रानात राहतो.

येथे एक कावा सांगून ठेवतो. गायरान मोकळे करा असे कोणी म्हणताच हे दांडगे भूमिहीनाच्या झोपडीकडे आणि त्याच्या एक-दोन एकराच्या तुकड्याकडे बोट दाखवितात. ‘आधी त्याला उठवा!’ म्हणतात. सावध! ज्यांस पिढ्यानपिढ्या जमीन मिळू दिली नाही, त्यांनी पोटासाठी पडीक कसली. त्यांच्या जमिनीच्या हक्कासाठी १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह झाला आणि माणसे तुरुंगात गेली. वर सांगितलेल्या निकालातही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींस दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवलेला आहे. ज्याने पोटासाठी दोन एकर कसले आणि ज्याने चाळीस एकर असताना आणखी दहा ढापले, त्या दोघांस एका मापाने मोजणारा न्यायाधीश नव्हे, तो दांडग्याचा वकील होय. कुणबी, धनगर आणि मागासलेल्या जातींचे भूमिहीन यांस एकमेकांच्या उरावर बसविले, की मधल्या मधे ऊस सुखाने वाढतो.

दुसरा आक्षेप असा, की गायरान ओसाड पडले आहे, तेथे काडी उगवत नाही, मग ते राखून काय करायचे? अलीकडे सौर विजेच्या प्रकल्पांसही गायराने दिली जात आहेत. शेतकऱ्यास दिवसा वीज मिळावी हे आम्हांसही हवे. पण जमीन देताना ज्यांच्या दावणीला गुरे आहेत त्या घरांस कोणी विचारले काय? आणि काडी उगवत नाही हा दोष जमिनीचा नव्हे, आमचा आहे. हे कडू औषध आम्ही आमच्या वाचकांसही पाजणार. बारा महिने मोकाट गुरे सोडली, झाड दिसले की कुऱ्हाड चालविली, तर गवत कोठून येणार? नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गाव दुष्काळी पट्ट्यातलेच. त्या गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, पाणलोटाची कामे केली, गवत विळ्याने कापून घरी नेण्याची शिस्त लावली, आणि आज गावाचे दूध पूर्वीच्या कितीतरी पट झाले आहे. गायरानाचा अर्धा भाग पावसाळ्यात बंद ठेवावा, त्यात मारवेल, पवना यांसारखी गवते वाढू द्यावी, दिवाळीच्या सुमारास कापून वाळवावी, आणि चैत्रात ज्याच्या घरी गंज संपली त्यास वाटून द्यावी. यात कोणती मोठी विद्या आहे?

मग करायचे काय? नुसते हळहळून म्हैस वाचत नाही. १ मे रोजी, भर वैशाखाच्या तोंडावर, गावोगाव ग्रामसभा भरते. तिच्या आधी महिलांची सभा घेण्याचा नियम आहे. ज्यांच्या डोकीवर भारा असतो त्यांनी त्या सभेस जावे आणि तीन प्रश्न विचारावे. गावचे गायरान किती? त्यावर कोणाचा किती कबजा? आणि उरलेल्याची राखण कोण करतो? गाव नमुना एकमध्ये जमिनीची नोंद असते आणि नमुना एक-ई मध्ये अतिक्रमणाची. तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांचे दप्तर पाहण्याचा अधिकार तुम्हांस आहे. दाखवीत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. अर्जास दहा रुपये लागतात. एका पेंढीच्या मोलात गावचा चोर कागदावर सापडतो. घरात जो मुलगा शिकतो आहे, त्याने हा अर्ज आईस लिहून द्यावा. शाळेचा याहून चांगला उपयोग आम्हांस दिसत नाही.

बेंदूर येईल. बैलांची शिंगे रंगतील, पाठीवर झुली चढतील, ओवाळणी होईल, पुरणाचा घास भरविला जाईल. ते सर्व करा. मुक्या जनावराचे उपकार फेडावेतच. पण ज्याचे कुरण लुटले गेले तेव्हा आपण तोंडातून ब्र काढला नाही, त्यास वर्षातून एकदा पुरण भरवून काय होते? बैल बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने बोलणे हे धन्याचे काम आहे. धनीही मुका झाला, तर दावणीला बांधलेला कोण आणि मोकळा कोण, हे वाचकांनीच ठरवावे.