खतावणी कुणाची, संशोधन कुणाचं?



मी मॅट्रिक. गोदीत माल उतरवतो आणि कविता लिहितो. असल्या माणसानं कॉमर्सच्या पीएच.डी.वर लिहावं म्हणून आमच्या विश्रामबागेतले काही विद्वान हसतील. हसू देत. बोटीतून किती नग उतरले आणि कागदावर किती चढले, हा फरक ज्याच्या पाठीवरून जातो त्याला हिशेब कळतो.

विलिंग्डन कॉलेज इथं १९१९ पासून उभं आहे, शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरात १९६२ पासून. शिकणारी पोरं आपल्याही वस्तीतून निघाली. पण कॉमर्सचे प्रबंध बघा. अमुक तालुक्यातल्या तमुक पतसंस्थेची आर्थिक कामगिरी, एक अभ्यास. पाच वर्षांचे ताळेबंद, चार गुणोत्तरं, शेवटी शिफारस : वसुली सुधारा. तालुका बदलला की नवा डॉक्टर तयार!

ताळेबंद खोटा असला तर? २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. एकाच बिल्डर गटाचं कर्ज झाकायला २१,०४९ खोटी खाती उभी केली होती. कागद मात्र चकचकीत. ऑडिटरच्या सहीचे. ठेवीदाराला आधी हजार रुपयेच काढता आले. त्या ताळेबंदावर गुणोत्तरं काढणारा डॉक्टर झाला असता, आणि ठेवीदार तसाच रस्त्यावर.

पोरं हे विचारत का नाहीत? कारण जागा मोजक्या. प्रोफेसरला ८ विद्यार्थी, असोसिएटला ६, असिस्टंटला ४. दार एक, किल्ली गाईडच्या खिशात. माझा एक दोस्त हमालांच्या मजुरीच्या हिशेबावर विषय घेऊन गेला. त्याला सांगितलं, हा कॉमर्सचा विषय नव्हे. मग कॉमर्स म्हंजे काय, फक्त शेठजीची वही?

वर जर्नलांची दुकानदारी. पैसे मोजा, पेपर छापा. यूजीसीनं यादी केली, २०२२ ला प्रबंधाआधीच्या पेपरची सक्ती काढली, २०२५ ला यादीच बंद केली. दुकानं उघडीच आहेत, कारण नोकरी-बढतीचे गुण अजून छापील कागदावर मिळतात.

आणि आपला पोरगा फेलोशिप मागतो तेव्हा काय ऐकतो? २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक आझाद मैदानात बसले. त्याच डिसेंबरात विधान परिषदेत तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं, पीएच.डी. करून काय दिवे लावणार?

दिवे कसे लागतात ते बाबासाहेबांनी दाखवलंय. सिडनहॅम कॉलेजात ते १९१८ पासून शिकवत होते, ते सोडून पुन्हा लंडनला गेले. रुपयावरचा प्रबंध दिला. परीक्षकांना तो झोंबला, फेरफार करायला लावले. १९२३ ला पदवी मिळाली. कोलंबियाचा प्रबंध प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता : इंग्रज सरकार पैसा कुठून घेतं, कुठं घालतं. म्हणजे सत्तेची वही उघडून वाचणं. संशोधन म्हणतात ते हे.

मग आजच्या वह्या कोण उघडणार? माथाडी कायदा १९६९ चा. मंडळात जमा होणारी लेव्ही हमालाच्या हाती किती पोचते? २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळले. खात्याच्या मंत्र्यानंच तक्रार केली. एका बाईच्या हातात पैसे पडले याचं आम्हाला दुःख नाही. तिला द्या, पण आमच्या ताटातलं काढून का? ही एंट्री कुणी केली, कुठल्या नियमानं केली, आमच्या खात्यातून वजा झालेलं परत कधी जमा होणार? यावर एक तरी प्रबंध पाहिजे.

एम.कॉम. झालेल्या पोरा-पोरींनो, हे विषय घेऊन गाईडच्या दारात जा. वस्तीतली माणसं पावत्या, पगारपत्रकं देतील, आम्ही गोदीतले देऊ. आकडे आमच्याकडे आहेत, ते मांडायची विद्या तुमच्याकडे. आणि कुणी म्हणालं हा विषय कॉमर्सचा नाही, तर भांडत बसू नका. नकार लेखी मागा. आम्ही तो इथं छापू.

जय भीम.