म्हातारा क्लँटन, भैयालाल भोतमांगे आणि 'सूड' नावाची पळवाट

१२ जानेवारीला बाबू हरदास एल. एन. यांचा स्मृतिदिन. दरवर्षीसारखे आम्ही कन्हान नदीकाठी जाऊन अभिवादन करून आलो. त्यानंतरच्या रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत भिंतीवर पांढरी चादर टांगली आणि पोरांना एक जुना अमेरिकन सिनेमा दाखवला. जॉन फोर्डचा 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन', १९४६ सालचा, कृष्णधवल. पंधरा-वीस पोरं होती. बहुतेक खैरलांजीच्या आगेमागे जन्मलेली. अर्धी रोज कन्हान-कामठीचा पूल ओलांडून कॉलेजला जाणारी, काही कोळसा खाणीत कंत्राटावर राबणाऱ्यांची.

शेवटच्या गोळीबारानंतर एका पोट्ट्यानं टाळी वाजवली. दुसरा म्हणाला, "भाऊ, खैरलांजीवर असा पिक्चर पायजे होता. भैयालालच्या हातात बंदूक द्याची, बस." दोन-चार जण हसले, बाकीचे गप्प झाले. आम्हीही गप्पच झालो, कारण हा विचार आमच्या मनात कधी आलाच नाही असं म्हणणं खोटं ठरलं असतं. त्या पोराला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी सिनेमा. वायट अर्प आणि त्याचे तीन भाऊ गुरं घेऊन कॅलिफोर्नियाकडे निघालेत. टूम्बस्टोन गावाजवळ मुक्काम पडतो. थोरले तिघं दाढी करायला गावात जातात, सर्वात धाकटा जेम्स गुरांपाशी थांबतो. त्याच रात्री गावातला मार्शल व्हायची विनंती वायटला होते, तो नाही म्हणतो. परत येतो तर गुरं गायब आणि जेम्स पावसात, चिखलात मरून पडलेला. वायट उलट्या पावली गावात जातो आणि तेच पद मागून घेतो. छातीवर बिल्ला लागतो. म्हाताऱ्या क्लँटनवर आणि त्याच्या पोरांवर त्याचा संशय आहे. पुढचा सिनेमा म्हणजे हे दुःख हळूहळू गोळीबारापर्यंत कसं पोचतं त्याची गोष्ट. भावाच्या कबरीशी वायट एकटाच बोलत बसतो तो प्रसंग आणि अर्धवट बांधलेल्या चर्चच्या ओट्यावरचा नाच, दोन्ही फार सुंदर आहेत. सिनेमा चांगला आहे, खोटं कशाला बोलायचं.

आम्ही मात्र पोरांना तो बिल्ला पाहायला सांगितला. सकाळी ज्याला कायद्याशी देणंघेणं नव्हतं, त्याच्या घरात मृत्यू झाला आणि रात्री कायदा त्याच्या खिशात आला. कुणी जातीचा दाखला मागितला नाही, एफआयआर कोणत्या ठाण्यात नोंदवायचा हे विचारलं नाही. गोऱ्या माणसाचं दुःख आणि गावाचा कायदा एका रात्रीत एक झाले. पडद्यावर हे इतकं सहज घडतं की आपल्याला खटकतही नाही.

ज्यांना हा कायदा मिळत नाही, ती माणसंही याच सिनेमात आहेत. सुरुवातीलाच दारू प्यालेला एक आदिवासी, इंडियन चार्ली, गुत्त्यात गोळ्या झाडतो. वायट त्याला पाय धरून ओढत बाहेर काढतो, 'इंडियन'ला दारू पाजणारं हे कसलं गाव म्हणून गावकऱ्यांवर भडकतो आणि चार्लीला लाथ घालून हाकलतो. याच शौर्यामुळे त्याला मार्शलपद देऊ केलं जातं. पुढे चिवावा नावाच्या बाईला तो गुरांच्या हौदात बुचकळतो आणि अपाची वस्तीत परत पाठवायची धमकी देतो. तिचाही पुढे गोळी लागून जीव जातो. तिच्यासाठी कुणी बिल्ला लावत नाही. आणखी एक गंमत: खरं टूम्बस्टोन ॲरिझोनाच्या दक्षिण टोकाला, पण चित्रीकरण झालं मॉन्युमेंट व्हॅलीत, म्हणजे नव्हाहो आदिवासींच्या भूमीवर. जमीन त्यांची, मागचे डोंगर त्यांचे, पण गोष्टीतलं दुःख त्यांचं नाही.

आता शेवट, ज्यावर टाळी पडली. क्लँटनची चारही पोरं मेलेली आहेत. म्हातारा हात वर करून उभा. वायट त्याला गोळी घालत नाही. तो त्याला सांगतो की तू जग, शंभर वर्षं जग, म्हणजे माझ्या बापाला काय वाटणार आहे ते तुला कळेल. मग त्याला जायला सांगतो. म्हातारा जाता जाता पिस्तूल काढतो आणि वायटचा भाऊ मॉर्गन त्याला टिपतो. दिग्दर्शकानं म्हाताऱ्याची सुटका केली म्हणायची, कारण मरणापेक्षा मोठी शिक्षा वायटनं आधीच सुनावली होती: पोरं मेल्यावर बापानं जगायचं.

मित्रांनो, ही शिक्षा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात एका माणसानं भोगली. त्याचा गुन्हा काहीच नव्हता.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, खैरलांजी. सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांना गावच्या जमावानं मारलं आणि प्रेतं कालव्यात फेकली. भैयालाल वाचले. 'वाचले' हा शब्द इथे किती चुकीचा आहे पाहा. २० जानेवारी २०१७ ला नागपुरात हृदयविकारानं त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे दहा वर्षं आणि वर काही महिने. बायको नाही, लेक नाही, दोन्ही पोरं नाहीत, आणि आमच्यासारखे कार्यकर्ते दर सप्टेंबरला व्यासपीठावर बसायला बोलावतात. क्लँटनला जी शिक्षा दोन मिनिटंही भोगावी लागली नाही, ती या माणसानं दहा वर्षं भोगली. त्यांनी बंदूक मागितली नाही. मागणी एकच होती, शेवटपर्यंत: ॲट्रॉसिटीची कलमं लावा. माझी माणसं कशासाठी मारली ते कागदावर लिहा.

कागदावर काय लिहिलं गेलं? तपास सीबीआयकडे गेला. १५ सप्टेंबर २००८ ला भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयानं आठ जणांना दोषी ठरवलं, तिघांना सोडलं. आठपैकी सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप झाली. ॲट्रॉसिटी कायदा मात्र लागू झाला नाही. १४ जुलै २०१० ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशीच्या जागी २५ वर्षांची सक्तमजुरी दिली. कारण काय दिलं? ही हत्या जातीतून नाही, सूडातून झाली.

सूड. सिनेमातलाच शब्द. आणि या शब्दापाशी आमचं भांडण आहे.

सूड म्हटलं की त्याआधी काहीतरी इजा झालेली असावी लागते. वायटचा भाऊ मारला गेला होता. खैरलांजीच्या जमावाचं कोण मेलं होतं? घटनाक्रम आठवा. भोतमांगेंच्या शेतातून रस्ता काढण्याचा वाद जुना. ३ सप्टेंबरला त्यांच्या बाजूनं उभ्या राहणाऱ्या, शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली. सुरेखा आणि प्रियंका यांनी मारणाऱ्यांची नावं सांगितली. आरोपींना अटक झाली, २९ तारखेला जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी ते घरावर चालून आले. म्हणजे 'इजा' ही: दोन बौद्ध बायकांनी पोलिसांपुढे साक्ष दिली. ही गोष्ट कुणाला इजा वाटू शकते? ज्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की या घरातल्या बाईनं आपलं नाव घ्यायचंच नसतं, त्यालाच. तीच साक्ष गावातल्या मोठ्या घरच्या बाईनं दिली असती तर प्रकरण वकिलापर्यंत गेलं असतं, कालव्यापर्यंत नाही. तेव्हा सूड आणि जात ही दोन वेगळी कारणं नाहीत. तो सूड जातीनंच शक्य केला. न्यायालयानं आजाराचं लक्षण लिहून घेतलं आणि आजार नाही असा शेरा मारला.

(जाता जाता: मारणारे ओबीसी समाजातले होते हे बोलायला आपल्यातलेच काही नेते बिचकतात. बहुजन ऐक्याची काळजी आम्हालाही आहे. पण जे ऐक्य सुरेखाबाईंचं नाव घेतल्यानं तुटतं, ते आहे तरी कुठे?)

मग त्या पोट्ट्याचा प्रश्न उरतोच. कायदा असा वागणार असेल तर बंदूक का नको?

नागपूरनं यावर एक उत्तर पाहिलेलं आहे. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबा नगरातल्या बायकांनी अक्कू यादव नावाच्या गुंडाला जिल्हा न्यायालयाच्या आवारातच संपवलं. वर्षानुवर्षं त्यानं वस्तीवर बलात्काराची दहशत बसवली होती आणि तक्रारी करून काही होत नव्हतं. २०१४ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. त्या बायकांना घरात बसून नैतिकता शिकवायची आमची लायकी नाही. पण त्या घटनेचा उत्सव करणाऱ्यांनाही आम्ही विचारतो: त्या बायका न्यायालयात पोचल्या त्या दिवशी त्यांच्यासाठी तिथे काय शिल्लक होतं? काहीच नाही, म्हणूनच ते घडलं. कुणी गोळा करून वाटावा असा तो कार्यक्रम नव्हता. आणि आपण संख्येनं थोडे असलेल्या गावात सूडाचा हिशेब सुरू झाला तर पुढचा हप्ता कोणत्या घरातून वसूल होईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

बाबासाहेबांसमोर हा प्रश्न २० मार्च १९२७ ला महाडमध्येच उभा राहिला होता. चवदार तळ्याचं पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. परिषदेला आलेल्यांत पलटणीत नोकरी केलेले होते, प्रतिकाराला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पण लोक इथेच थांबतात आणि 'बाबासाहेब शांततावादी होते' असं सांगतात. आवरल्यानंतर त्यांनी काय केलं? हल्लेखोरांवर खटला चालला, शिक्षा झाल्या. तळ्याचा दावा लढवला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. दहा वर्षं! २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी घटनात्मक मार्ग सोडू नका असं बजावलं, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी असंही मान्य केलं की घटनात्मक मार्गच उपलब्ध नव्हते तेव्हा इतर मार्गांचं समर्थन होऊ शकत होतं. तेव्हा संयम पाळायचं ओझं फक्त आपल्या खांद्यावर नाही. तो मार्ग खुला ठेवणं हे शासनाचं आणि न्यायालयाचं काम आहे, आणि ते केलं नाही तर आम्हाला शांततेचं प्रवचन देऊ नये.

मार्ग थोडा रुंद झालाय, तो नीट पाहा. पूर्वी ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२)(v) मध्ये गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' केला असं सिद्ध करावं लागे. याच फटीतून 'सूड', 'जमिनीचा वाद', 'वैयक्तिक भांडण' निसटून जात. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. आता पीडिताची जात 'माहीत असताना' गुन्हा केला एवढं पुरतं. कलम ८ प्रमाणे आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल तर जात माहीत होती असंच न्यायालयानं गृहीत धरायचं, नसेल तर ते आरोपीनं सिद्ध करायचं. गावात कोण कुणाची जात ओळखत नाही? कलम १५(अ) मध्ये पीडित आणि साक्षीदारांचे हक्क आले. सुरेखाबाई साक्षीदार होत्या. हे कलम त्यांच्यानंतर नऊ वर्षांनी आलं.

यातलं किती कन्हानच्या पोरांना माहीत आहे? आम्ही त्या रात्री विचारलं. वायट अर्पच्या पिस्तुलाची कंपनी सांगणारा निघाला, तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा हे सांगणारा एकही नाही. (पोलीस उपअधीक्षक. त्याखालच्या अधिकाऱ्यानं तपास केला तर आरोपीचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो.) दोष त्यांचा नाही. जयंतीच्या डीजेला वर्गणी गोळा करताना आम्हाला ताकद पुरते, कलम समजावताना पुरत नाही.

टाळी वाजवणारा पोरगा निघताना म्हणाला, "मग भैयालालवर पिक्चर काढाचा तं शेवट काय दाखवाचा?" आम्ही म्हटलं, आम्हाला माहीत नाही. आधी उच्च न्यायालयाचा निकाल वाचू. तो इंग्रजीत आहे, मोठा आहे. त्याचं मराठी करायला दोघी मुली तयार झाल्यात, एक एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला, त्याच खोलीत, पहिली वीस पानं. चादर लागणार नाही, वही आणा.