मोजा, पण पट्टीने!

फराळाच्या ताटात हे कारले कशाला, असे वाचक म्हणतील. म्हणोत बापडे! गेल्या उन्हाळ्यात आमच्या वर्गातली एक मुलगी एका परीक्षेचे प्रमाणपत्र घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "सर, माझं आडनाव कुठी गेलं जी?" पाहतो तो खरेच. तिचे नाव होते, बापाचे होते आणि आडनावाच्या जागी एक पाय मोडलेले अक्षर लंगडत उभे होते. पुढे ठिपक्यांची रेघ मोकळीच. मी पट्टी लावली. रेघ बारा सेंटिमीटर, नाव सातांत संपलेले. छापून देणाऱ्या तरुणाला विचारले, तर तो म्हणाला, "तीस अक्षरांच्या वर घेतच नाही जी ते मशीन."

तीस! मी मोजली, तर सोळासुद्धा भरेनात. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पण अक्षर कशाला म्हणतात, हे मुलांना शिकवण्यातच माझी वर्षे गेली.

मग खटपट करून समजून घेतले. संगणकात मराठी साठवण्यासाठी युनिकोड ही क्रमांकयोजना आहे. तिच्यातली देवनागरी १९८८ च्या इस्की या भारतीय योजनेवरून बेतलेली. तीत काना, मात्रा, पायमोड, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक. ज्योत्स्ना हे नाव घ्या. डोळ्यांना दोन जोडाक्षरे. यंत्राच्या हिशेबी १० चिन्हे. कमल मात्र ३ च. काही ठिकाणी तर बाइट मोजतात. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या दर चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकटी ज्योत्स्नाच तीसही खण अडवून बसणार आणि तिच्या वडिलांनी उंबऱ्याबाहेर उभे राहायचे!

क्रमांकयोजनेवर माझा राग नाही. साठवणीसाठी ती उत्तमच आहे. राग आहे तो साठवणीचा आकडा घेऊन कागदावरची जागा ठरवणाऱ्यांवर. आमच्या कापसाच्या मुलखात बोंडे मोजून गाठीची लांबी कोणी सांगू लागला, तर त्याला पाणी पाजून सावलीत बसवतील. घाटंजी आणि यवतमाळ या दोन्ही नावांची चिन्हे सहा-सहाच. पण घाटंजीतला अनुस्वार डोक्यावर बसतो, तो रुंदीतली जागा खात नाही. कागदावर यवतमाळच लांब भरते. टंकलेखन यंत्राची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक कळा गाडा सारखाच सरकवीत, म्हणून मोजणी चाले. छापखान्यातला खिळेजुळारी मात्र खिळ्यांची गणती करीत बसत नसे. खिळ्याला अंगची रुंदी असे. स्टिक भरली की ओळ भरली.

आणि संगणकाला हे येत नाही असेही नाही. वेबपाने दाखवणाऱ्या ब्राउझरमध्ये मेझरटेक्स्ट नावाची सोय आहे. तिला मजकूर द्या, टंक सांगा, ती रुंदी सांगते. फक्त अक्षरे सुटी करून बेरीज मारू नये. क, पायमोड आणि ष यांच्या रुंदींची बेरीज म्हणजे क्ष नव्हे. ओळ जुळलेली, अखंड द्यावी. आणि ज्या टंकात छापायची तो टंक हाताशी आल्यावरच द्यावी, नाहीतर मापे दुसऱ्याची नि अंगरखा तिसऱ्याचा. मावत नसेल तर टंक बारीक करा, दुसरी ओळ घ्या. आणि कापायचेच झाले, तर निदान जोडाक्षराच्या मध्ये सुरी चालवू नका.

"एवढ्याने काय बिघडते?" असे मला एका शहाण्याने विचारले. आडनाव तुटलेला कागद ही पोर कुठल्या दारात दाखवणार, ते त्याने सांगावे. मी शाईने उरलेले लिहिले तर ती खाडाखोड ठरते. प्रमाणपत्र सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहे. नवे येणार म्हणतात. दर सोमवारी मधल्या सुट्टीत मुलगी दाराशी येते, काही विचारत नाही, नुसती खणाकडे बघते.